साल दादाला, गर वॉर्डाला

दादाला ठाऊक होतं की नव्हतं? एवढंच मला कोणीतरी सांगा! वहिनीला विचारलं, ती तोंड फिरवते. डॉक्टरला विचारलं, तो घड्याळ बघतो. खुद्द दादाला विचारलं, तर तो... जाऊ दे. बसा काका, उठू नका, तुमच्या गाडीचं चाक इथे माझ्या पायाशी पडलंय, तुम्ही जाणार कुठे? तो स्टूल घ्या, डुगडुगतो, पण अजून कोणी पडलेलं नाही. आणि ताई, तुम्ही आत्ता संत्रं सोललंत आणि साल गाडीच्या खिडकीतून माझ्या दुकानापुढे टाकलीत ना... नाही नाही, उचलायला नका उतरू, मी काही बोललो का? संत्रं तुमचं, साल तुमची. पण टाकलंत काय, ते माहीत आहे का तुम्हाला? मला माहीत आहे! सातवीत शाळा सोडलेला माणूस मी, टायर काढतो, टायर घालतो, पण संत्र्याच्या सालीत काय काय असतं ते मला झोपेतून उठवून विचारा. तंतू! क जीवनसत्त्व! आणि ते फ्लेव्होनॉइड! हा शब्द मी तळहातावर लिहून घेतला होता, बॉलपेनने, आणि तीन दिवस हात धुतला नाही... तसाही माझा हात धुऊन फरक काय पडतो म्हणा. ग्रीस आहे हे, मुरलेलं.

तर तुम्हाला सांगतो, माझ्या दादाला जाऊन आज बावीस दिवस झाले. चौतिसाव्या वर्षी. पोटात गाठ. आणि हा माणूस काय काम करायचा? फळं सोलायचा! हसा, हसा, मलाही लहानपणी कोणी विचारलं ‘तुझा भाऊ काय करतो’ तर मी सांगायचो ‘कारखान्यात आहे’. मागच्या चौकात ते फळांच्या रसाचं दुकान आहे ना, पुढे काचा, दिवे, थंडगार पेले... त्याच्या मागच्या खोलीत. अठरा वर्षं! एक पत्र्याचं टेबल, एक ट्यूबलाइट, बियांनी कायम तुंबलेली मोरी, आणि झिजून झिजून करंगळीएवढी झालेली एक सुरी. त्या सुरीने दादा अननसाचे डोळे असे काढायचा की अननसालाही कळू नये. सफरचंद हातात फिरवायचा आणि साल एकसंध खाली उतरायची, न तुटता, रिबिनीसारखी. पुढच्या काउंटरवरची पोरं मुद्दाम बघायला यायची. आईवडील नव्हते आम्हाला. दादा सोळाचा आणि मी सहाचा, तेव्हापासून तो सोलतोय आणि मी खातोय.

काय खातोय? विचारा ना! विचारा की! साल!

त्या दुकानाचा नियम होता, गर गिऱ्हाइकाचा, साल सोलणाऱ्याची. मालक मोठ्या मनाने सांगायचे, “अरे, एवढी पिशवीभर साल दुसरं कोण देतं कामगाराला? नेत जा घरी!” आणि दादा न्यायचा. म्हणजे आणायचा. माझ्यासाठी! कलिंगडाचा तो हिरव्याच्या आतला पांढरा भाग, त्याला ना चव ना रंग, तो तिखटमीठ घालून शिजवायचा. सफरचंदाच्या साली कच्च्या. अननसाचा मधला दांडा, तो चघळा, तासभर चघळा, जबडा दुखतो, दांडा तसाच. आंब्याच्या दिवसांत आंब्याची साल, ती मात्र मी दातांनी अशी खरवडायचो की पलीकडून उजेड दिसावा. कलिंगडाच्या बिया तव्यावर भाजून शाळेत डब्यात. शाळेत डबा उघडला की पोरं ओरडायची, “ए बकरी! आज काय साल आहे?” पाच वर्षं माझं नाव बकरी होतं. मास्तरसुद्धा एकदा हजेरी घेताना चुकून म्हणाले. ऐकून घेतलंय मी सगळं.

आणि दादा? दादा गर खायचा. असं मी नाही, असं तोच सांगायचा! रोज संध्याकाळी घरी आला की मी विचारायचो, “दादा, आज काय खाल्लंस?” की हा भिंतीला टेकून, पाय लांब करून, डोळे मिटून, “आज ना, अननस खाल्ला.” “कसा होता?” “थंडगार. आणि वरून मीठ.” “पपई?” “पपई एकदम मऊ... म्हाताऱ्या माणसांना चालेल अशी.” “आणि सफरचंद कसं असतं रे?” “सफरचंद...” जरा विचार करायचा, “सफरचंद महाग असतं.” आता हे काय चव सांगणं झालं? मला वाटायचं, या माणसाच्या जिभेतच काहीतरी बिघाड आहे, देव... जाऊ दे, देवाला कशाला मध्ये आणा. पण डोक्यात तिडीक जायची माझ्या! दिवसभर हा फळं हाणतो, वर येऊन मला सांगतो, आणि माझ्यापुढे टाकतो काय, तर साली! भाऊ आहे की कोण आहे?

मग काय, मीही मनात धरून बसलो. सोळा वर्षांचा झालो, या दुकानात लागलो, पहिला पगार हातात आला, तर कपडे नाही, चपला नाही, सरळ संत्री घेतली. घरी आलो. दादा आणि वहिनी जेवायला बसले होते, नुकतंच लग्न झालं होतं त्यांचं. त्यांच्यासमोर बसलो, सोललं, एकेक फोड तोंडात टाकली, मिटक्या मारत... आणि साल दादाच्या पुढ्यात सरकवली. म्हटलं, “घे. आता तू खा.”

दादा हसला. वहिनी नाही हसली. मी म्हटलं, आली घरात नवी, हिला काय कळतंय.

काका, इकडे बघा, तुमच्या ट्यूबमध्ये दोन भोकं आहेत. पाण्यात धरली की कशी बुडबुड करते बघा. एक खिळ्याचं आणि एक जुनं ठिगळ सुटलंय. कोणी लावलं होतं हे ठिगळ? चिकट पट्टी लावल्यासारखं लावलंय! फसवलंय तुम्हाला. पण तुम्ही एकटे नाही, बसा.

तर गेल्या वर्षी दादाच्या पोटात दुखायला लागलं. आठ महिने दुखत होतं, आणि हा आठ महिने सांगतोय, “गॅस आहे.” गॅस! वहिनीला सांगतोय गॅस, मला सांगतोय गॅस, खिशात गोळ्यांची पाकिटं. एक दिवस टेबलापाशीच खाली बसला, हातात सोललेलं अर्धं फळ, तेव्हा कुठे दवाखान्यात नेला. तिथे तपासण्या, रांगा, हा कागद त्या खिडकीत, तो कागद या खिडकीत. आणि त्या मोठ्या हॉलमध्ये, जिथे आपण नंबरची वाट बघत बसतो, तिथे एक पांढऱ्या कोटवाल्या मॅडम भाषण देत होत्या. आहाराच्या मॅडम. दर बुधवारी देतात म्हणे. मागे भिंतीवर तक्ता, त्यावर फळांची चित्रं, आणि मोठ्या अक्षरात ‘फेकण्याआधी थांबा’. मी ऐकत नव्हतो, मी माझ्या नंबरकडे बघत होतो. आणि कानावर पडलं, “आपण जे फेकून देतो ना, बऱ्याच फळांच्या त्या साली आणि बियांमध्येच काही उपयोगी घटक गरापेक्षाही जास्त असतात!”

मी उडालो. म्हटलं, काय?

मॅडम बोटाने तक्त्यावर दाखवताहेत, सफरचंदाच्या सालीत हे, आंब्याच्या सालीत ते, डाळिंबाच्या सालीत अमुक, कलिंगडाच्या बियांत तमुक, शरीरात म्हणे पेशींची झीज होते तिला ते घटक आवर घालू शकतात, संशोधन चालू आहे... आणि तुम्हाला सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. अहो, ही तर माझी लहानपणीची सगळी जेवणं त्या बाईने तक्त्यावर काढली होती! सफरचंदाच्या सालीपासून भाजक्या बियांपर्यंत! मी माझ्या हाताकडे बघितलं. हा हात बघा, हा दंड बघा, ट्रकचं चाक एकटा उचलतो मी, बारा वर्षांत एक दिवस ताप नाही. का? बकरी! साल! आणि दादा, गर खाऊन खाऊन, आत खाटेवर पडलाय. मी मॅडमच्या पुढे तळहात केला, म्हटलं, तो मोठा शब्द लिहा इथे. त्यांनी लिहिला. म्हणाल्या, “बसा, पुढचं महत्त्वाचं आहे.” तेवढ्यात माझा नंबर पुकारला आणि मी पळालो.

पळालो, पण डोक्यात एकच. दादाला हे ठाऊक होतं की नव्हतं? म्हणजे बघा, ठाऊक नसेल, तर मग मला कचरा घातला आणि तो नशिबाने औषध निघाला. आणि ठाऊक असेल तर... ठाऊक असेल तर याने चांगलं ते मला दिलं आणि स्वतः मरायला टेकला! दोन्हीकडून फसवणूक माझीच! सरळ वॉर्डात गेलो, खाटेजवळ उभा राहिलो आणि म्हटलं, “दादा, खरं सांग. तुला ठाऊक होतं?”

“काय?”

“सालीत सगळं असतं ते.”

त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं, गाडी विकत घेताना बघतात तसं, आणि म्हणाला, “तू झालास ना जाडजूड? मग झालं तर.”

हे उत्तर झालं? सांगा ना, हे उत्तर झालं का?

पण मी म्हटलं, आता वेळ घालवायचा नाही. आता दादाला साल! जेवढी मला घातली तेवढी सगळी परत याच्या पोटात! लगेच निघालो, दुकानात. मालक काउंटरवरच होते. “ये ये! दादा कसा आहे? फार जीव लागलाय रे आमचा त्याच्यावर. सोलणारा नवा ठेवलाय, पण अर्धा गर सालीबरोबर घालवतो, मेला.” मी म्हटलं, “मालक, आजची सालीची पिशवी द्या.” मालकांनी डोळे बारीक केले. “साल? साल आता बाहेर जात नाही.” आणि बोट वर केलं. वर नवी पाटी! ‘सालीची पूड मिळेल. शरीर शुद्ध, आयुष्य दीर्घ.’ आणि खाली बरण्या, हिरव्या, पिवळ्या, तांबड्या, झाकणाला रिबीन!

मी म्हटलं, “मालक, साल सोलणाऱ्याची. अठरा वर्षांचा नियम आहे. हक्क आहे आमचा.”

“हक्क?” मालक असे दुखावले, जणू मीच त्यांच्या पोटावर पाय दिला. “अरे, हक्क कसला? प्रेमाने देत होतो! तेव्हा त्यात काही नव्हतं म्हणून देत होतो. असं कर, दादासाठी एक बरणी घेऊन जा. तुला थोडी कमी लावतो.”

ऐकलंत? विकत! आमचीच साल, आम्हालाच! केसाने गळा कापतात म्हणतात तो असा. बाहेर आलो, मालकांची गाडी उभी होती, चारही चाकांची हवा सोडली. आणि पुढचं ऐका, तासाभराने मालक गाडी ढकलत कुठे आले असतील? इथे! माझ्याच दुकानात! दुसरं टायरचं दुकान नाही ना या रस्त्यावर. म्हणाले, “बघ ना, कोणीतरी पोरांनी...” भरली मी हवा. काय करणार, धंदा आहे. पण जरा कमी भरली.

मग मी बाजारात गेलो. म्हटलं, तुमची साल नको, मी अख्खं फळ घेतो! आणि इथून पुढे, ताई, तुम्ही जरा दुसरीकडे बघितलंत तरी चालेल, कारण इथून पुढे मला माझीच लाज वाटते. मी काय करायचो, रोज संत्री घ्यायचो, सफरचंदं घ्यायचो, कलिंगडसुद्धा डोक्यावरून नेलं एकदा तिसऱ्या मजल्यावर. दादाच्या खाटेजवळ बसायचो, सोलायचो, साल बारीक चिरून, उकळून, वाटून, जमेल तशी दादाला. आणि गर? गर काय करायचा? त्याचं काय काम! गर मी वॉर्डात वाटून टाकायचो! पाच नंबरचे आजोबा, सात नंबरचा ड्रायव्हर, सिस्टर, झाडूवाली मावशी... अहो, मी आलो की वॉर्डात उत्सव! “आला, आला! भाऊ असावा तर असा!” आजोबा तर माझ्या पावलांचा आवाज ओळखायला लागले. फोड तोंडात टाकायचे आणि डोळे मिटायचे. शेजारच्या खाटेवर माझा दादा, हातात वाटी, वाटीत हिरवा-पिवळा चोथा, कडू जहर, चमच्याने हळूहळू... आणि नजर आजोबांच्या तोंडाकडे.

एकदाही म्हणाला नाही, मला ती फोड दे म्हणून. मी वाटी पुढे केली की म्हणायचा, “दे. बरोबर आहे. आता माझी पाळी.” मला वाटायचं, बरं, समजूतदार आहे!

सहा दिवस हे चाललं. सातव्या दिवशी डॉक्टर राउंडला आले, वाटी हुंगली. “हे काय आहे?” मी छाती काढून सांगितलं, सगळं, तंतूंपासून तळहातापर्यंत. डॉक्टर म्हणाले, “बंद करा हे. त्यांच्या पोटाला जड जातंय. हवं ते खाऊ द्या त्यांना.” मी म्हटलं, “मग बरं कशाने होणार?” त्यांनी घड्याळ बघितलं. तेव्हा मला कळलं. कळलं म्हणजे... हा आता उठणार नाही हे कळलं, काका.

मी धावत खाली, त्या हॉलमध्ये. बुधवार होता. मॅडम तक्ता गुंडाळत होत्या. मी ओरडलोच, “तुम्ही सांगितलंत! तुम्ही हातावर लिहून दिलंत! आणि वरचे डॉक्टर म्हणतात बंद करा! खोटं बोलता होय गरिबाशी?” त्या बाई शांत. म्हणाल्या, “तुम्ही शेवटपर्यंत थांबला होतात का?” त्यांनी तक्ता परत उलगडला, तर खाली अजून अर्धा तक्ता! ‘हे औषध नव्हे. आजारी माणसाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. नीट धुवा. सफरचंदाच्या बिया चावून खाऊ नका...’ म्हणजे घटक आहेत हो, खरंच आहेत, त्या खोटं नव्हत्या बोलत. पण घटक असणं वेगळं आणि माणूस उठून बसणं वेगळं, हे सांगायच्या वेळेला मी नंबर पुकारला म्हणून पळालो होतो! अर्धं ऐकून पळणं ही माझी जुनी सवय, शाळाही मी सातवीत अशीच सोडली. मी विचारलं, “मग माझ्या सालीने त्याचं काही बिघडलं का?” म्हणाल्या, “डॉक्टरांना विचारा.” डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, “तुम्ही दिली नसती तरी काही वेगळं झालं नसतं.” आता यावर माणसाने आनंद मानायचा की रडायचं? बिघडवायलाही माझा उपयोग नाही!

आणि मग वहिनी. जिन्यात गाठलं मला. ही बाई आठ वर्षांत माझ्याशी मोठ्याने बोललेली नाही. म्हणाली, “भाऊजी, तुम्ही संत्र्याचा गर कोणाला दिलात आज?”

“आजोबांना.”

“आणि काल?”

“ड्रायव्हरला. का?”

“तुमच्या भावाने आयुष्यात संत्रं खाल्लेलं नाही.”

मी हसलो. म्हटलं, “वहिनी, काहीही काय? अठरा वर्षं दुकानातला गर हाणलाय त्याने, रोज येऊन सांगायचा मला!”

“काय सांगायचा? अननस थंडगार असतो?” वहिनीचा आवाज चढला, वरून सिस्टर डोकावली. “अहो, थंडगार गिऱ्हाइकाला लागायचा, बर्फ घातल्यावर! मागच्या खोलीत कुठला आला बर्फ? काउंटरवर गिऱ्हाईक जे बोलायचं ते ऐकून तो तुम्हाला सांगायचा. मी तिथेच होते, भाऊजी, पेले धुवायला. तिथेच आमचं जमलं. मालक दुकान बंद करताना सगळ्या कामगारांना रांगेत उभं करायचे आणि म्हणायचे, ‘आ करा. हाः करा.’ तोंडाचा वास घ्यायचे! ज्याच्या तोंडाला फळाचा वास, तो दुसऱ्या दिवशी नाही. एक फोड नाही खाल्ली त्याने. बोटसुद्धा चाटायचा नाही.”

मी म्हटलं, “मग मला खोटं का सांगितलं? साल खायला घालून वर खोटं?”

“खरं सांगितलं असतं तर तुम्ही निम्मी साल त्याच्यापुढे केली असतीत.”

“मग करू द्यायची ना! मी केलीच असती!”

“म्हणूनच.”

बघा हं. म्हणूनच! एका शब्दात माझं सगळं लहानपण त्या बाईने उलटं करून हातात दिलं. मी ज्याचा राग राग केला, रोज, जेवताना, झोपताना, तो गर त्याने खाल्लाच नव्हता! आणि पहिल्या पगाराच्या दिवशी मी त्याच्यासमोर बसून... साल सरकवून... वहिनी तेव्हा का हसली नव्हती ते मला आठ वर्षांनी कळलं. मी म्हटलं, “मोठा झाल्यावर तरी खायचं होतं! लग्न झाल्यावर! कोण हुंगत होतं घरी?” म्हणाली, “एकदा मी आणलं होतं एक. म्हणाला, त्याला ठेव.” त्याला म्हणजे मला! आणि मी ते खाल्लंही असणार, आठवतसुद्धा नाही!

याला काय म्हणायचं? सगळे सामील होते हो! दादा सामील, वहिनी सामील, मालक तर मालकच. एकटा मी बाहेर, मजेत साल खात! आणि एवढं होऊनसुद्धा माझा प्रश्न तसाच आहे, हसू नका, मी तो वहिनीला त्या जिन्यातही विचारला, “पण साल चांगली असते हे त्याला ठाऊक होतं की नव्हतं?” तिने तोंड फिरवलं. म्हणाली, “वर जा, चार वाजत आले, भेटायची वेळ संपेल.”

गेलो वर. आधी बेसिनवर हात धुतले. सिस्टरचा साबण घेतला, तीनदा धुतले, नखं दातांनी साफ केली. सिस्टर म्हणाली, “ऑपरेशन करणार आहेस का?” खाटेखाली पिशवी होती, त्या सकाळी आणलेल्यातली उरलेली दहा-बारा संत्री. दादाजवळ बसलो. पाच नंबरच्या आजोबांनी माझी चाहूल ऐकून तोंड उघडून ठेवलं होतं. म्हटलं, “आजोबा, मिटा. आज नाही.”

दादा म्हणाला, “वाटी कुठाय?”

“नाही वाटी. गप्प बस.”

संत्रं घेतलं आणि नख लावलं. रस उडाला तो थेट त्याच्या डोळ्यात. “अरे!” डोळा चोळत दादा म्हणाला, “टायर काढतोयस का? देठाकडून धर. नख नाही, अंगठा घाल आत. हं. ओढू नकोस, साल ओढायची नसते, सोडवायची असते.” मी सोडवत होतो, ती तुटत होती, एवढे एवढे तुकडे चादरीवर. “हे काय सोलणं आहे? मालकांनी पहिल्या दिवशी हाकलला असता तुला.” आवाज नव्हता राहिला, नुसता वारा, पण शिव्या व्यवस्थित देत होता. म्हटलं, “तू गप्प पडून राहा, गिऱ्हाईक आहेस आज तू.” एकेक पांढरा धागा काढला. फोडीवरची ती पातळ चामडीसुद्धा काढली, बिया काढल्या, नुसता गर, केशरी, थरथरता, माझ्या या बोटांत. म्हटलं, “आ कर.”

त्याने केला. खूप वेळ चघळत होता. मी बघत होतो, आजोबा बघत होते, ड्रायव्हर कोपरावर उठून बघत होता.

“कसं आहे?”

“आंबट आहे रे.”

आंबटच असणार! मी पिशवीभर घेतली होती ती साल बघून! जाड साल, चकचकीत, बिनडागाची, आत काय आहे ते बघायचं माझ्या डोक्यातसुद्धा नव्हतं! म्हटलं, “थांब, दुसरं बघू.” दुसरं सोललं, आंबट. तिसरं, आंबट. फळवाल्याने सगळी एकाच ढिगातली दिली होती. चौथं, पाचवं, सहावं... प्रत्येकाची एकच फोड, तोंड वाकडं करतोय, मान हलवतोय, पण आ करतोय. सातव्याला डोळे मिटले आणि म्हणाला, “हं. हे गोड आहे.”

मी त्यातली एक फोड तोंडात टाकली. आंबटढाण होती.

आठवं सोलायला घेतलं.